पिशवी काढली, तरी

जयमालाची शीर सापडत नव्हती. डाव्या हाताला दोनदा सुई टोचून झाली होती. मग मी उजवा हात घेतला, दंडाला रबर बांधलं आणि तिला मूठ आवळायला सांगितली. तिने मूठ आवळली आणि त्याच क्षणी तिचा चेहरा पांढराफटक पडला. खुर्चीत बसल्या बसल्या ती कमरेत वाकली.

"सुईची भीती वाटते का?" मी विचारलं.

"सुईचं काही नाही ताई. पोटात दुखायलंय."

तिच्यामागे तिचा नवरा भास्कर उभा होता. टेम्पो चालवायचा. खाकी शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि हातात प्लास्टिकची फाइल. "दुसरा दिवस आहे तिचा," तो आवाज उतरवून म्हणाला. "सोमवारी ऑपरेशन आहे. गर्भाची पिशवी काढायचीय."

ही गोष्ट २००९ सालची, जालन्यातली. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते आणि डॉक्टर सोनपेठकरांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून मला सात वर्षं झाली होती. ऑपरेशनआधीचं रक्त तपासायला स्टेशनकडच्या मोठ्या हॉस्पिटलचे पेशंट आमच्याकडेच यायचे. त्या हॉस्पिटलच्या मालकांना सगळं गाव 'मोठे डॉक्टर' म्हणायचं. मीही तसंच म्हणते, नाव घेत नाही.

मी फॉर्मवर पाहिलं. वय पंचवीस. एक मुलगी, चार वर्षांची.

"सोनोग्राफीत काय निघालं?"

"पिशवीला सूज आहे म्हणले," भास्कर म्हणाला. "ठेवली तर कॅन्सर होईल म्हणले. मग म्हटलं, कशाला धोका. एक लेकरू आहे, त्याला आई पाहिजे."

तो हे अगदी मनापासून बोलला. मला त्याचा राग आला नाही. बायकोला वाचवायला निघालेला माणूस होता तो.

रक्त मिळालं. मी कापूस दाबून धरला आणि उगाच, स्वतःलाही न कळता विचारलं, "पाळीत संडासला जाताना दुखतं का? आतून सुरी फिरवल्यासारखं?"

जयमालाने वर पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं? डॉक्टरांनीसुद्धा नाही विचारलं." मग ती जरा मोकळी झाली. ती बियाणांच्या कंपनीत पाकिटं भरायच्या शेडमध्ये कामाला होती. दर महिन्याला दोन दिवस उभं राहता यायचं नाही. सुपरवायझर म्हणायचा, नाटकं करते. आई म्हणायची, सगळ्याच बायकांना दुखतं, तू एकटीच बाई झालीस का. "मलाच वाटायला लागलं ताई, आपल्यालाच सोसवत नाही. बाकीच्या सोसतात."

"माझीही पिशवी काढलेली आहे," मी म्हणाले. "तिथेच. अकरा वर्षं झाली."

तिचे डोळे एकदम उजळले. "मग थांबलं ना दुखणं?"

भास्करही माझ्याकडे बघायला लागला. त्या दोघांच्या चेहऱ्यावर जी आशा होती तिला धक्का लावायची माझी हिंमत झाली नाही. पेशंटला घाबरवायचं नाही, हे तर लॅबमधलं पहिलं शिक्षण.

"हो," मी म्हणाले. "थांबलं."

ते साफ खोटं होतं. त्याच सकाळी मी दोन गोळ्या घेऊन कामावर आले होते.

ते गेले. मी नळीवर तिचं नाव लिहिलं. सत्ताविसाव्या वर्षी मलाही कॅन्सरचीच भीती घातली होती. मलाही सोमवारचीच तारीख मिळाली होती. पाळी थांबली, पण दुखणं थांबलं नाही. दर महिन्याला ठरल्या वेळी उजव्या कुशीत आणि मागे माकडहाडापाशी कळ यायची. दोनदा मी मोठ्या डॉक्टरांकडे परत गेले. पहिल्यांदा ते म्हणाले, गॅस आहे. दुसऱ्यांदा माझ्याशी बोललेच नाहीत, माझ्या नवऱ्याला म्हणाले, "आता आत दुखायला काही उरलंच नाही. मनाचं आहे. कामात गुंतवा तिला." त्यावरच मी लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि कामाला लागले. म्हणजे एका अर्थी त्यांचा सल्ला मी पाळलाच.

दुपारी गर्दी ओसरली. सोनपेठकर सर मायक्रोस्कोपपाशी बसले होते. साठी उलटलेला, बारीक आवाजाचा माणूस. सात वर्षांत त्यांनी मला कधी वेडंवाकडं बोलल्याचं आठवत नाही. स्लाइड बघताना ते पुटपुटायचे आणि मी रिपोर्ट टाइप करायचे.

"सर, पिशवी काढल्यावरही बाईला दर महिन्याला दुखत असेल, तर ते काय असतं?"

ते डोळा न काढता म्हणाले, "अंडाशय ठेवलं असेल आणि पोटात एंडोमेट्रिओसिस राहिलं असेल, तर दुखू शकतं."

हा शब्द मी टाइप केलेला होता. पुष्कळदा. स्पेलिंगसुद्धा पाठ होतं. कोणाच्या तरी पोटातली ती गोष्ट आहे असं मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

"कोण पेशंट आहे?" त्यांनी विचारलं.

"मी."

त्यांनी डोळा काढला आणि चष्मा लावून माझ्याकडे पाहिलं. "तुझं ऑपरेशन कुठे झालं होतं?"

मी सांगितलं. साल सांगितलं. ते उठले आणि मागच्या खोलीत गेले. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक तुकड्याची काच, मेणाचा ठोकळा आणि रिपोर्टची प्रत ते वीस वर्षं जपून ठेवत. लोखंडी कपाटांच्या दोन रांगाच होत्या. त्या मी दर दिवाळीला पुसायचे. माझी पिशवी याच लॅबमध्ये आली असणार, हे मला कळायला हवं होतं. कळत असेलही. पण हॉस्पिटलात सांगितलं होतं, तपासली, काही निघालं नाही. मग कशाला उघडून बघायचं? खरं सांगायचं तर मला ती बघायची भीती वाटायची.

सरांनी काच आणून मायक्रोस्कोपवर चढवली. बराच वेळ पाहिलं. मग खुर्ची सोडून मला म्हणाले, "बस इथं."

मी बसले. गुलाबी-जांभळी पिशवी, रोज बघते तशीच. आतून निरोगी. सरांनी काच सरकवत पार कडेला नेली, पिशवीच्या बाहेरच्या अंगाला. तिथे अस्तराच्या बारीक ग्रंथी दिसल्या, जिथे असायला नकोत तिथे. आणि त्यांच्याभोवती फुगलेल्या, तपकिरी पेशींची दाटी.

"या तपकिरी कोण?"

"मॅक्रोफेज. प्रतिकारशक्तीच्या पेशी आहेत त्या, आपल्याच. रक्त गिळून गिळून त्यातल्या लोहाने अशा झाल्यात." ते माझ्याशेजारी स्टूल ओढून बसले. "पाळीच्या वेळी थोडं रक्त गर्भनलिकांमधून उलटं पोटात सांडतं. बहुतेक सगळ्या बायकांचं सांडतं. त्यात अस्तराचे कण असतात. एरवी या पेशी ते कण खाऊन टाकतात, जागा साफ करतात. काही बायकांमध्ये तसं होत नाही. साफ करायला आलेल्या पेशी तिथेच थांबतात, सूज आणणारी रसायनं सोडतात. त्यावर ते कण जगतात, रुजतात. नव्या रक्तवाहिन्या येतात, नवे मज्जातंतू येतात."

"मज्जातंतू येतात म्हणजे दुखणारच."

"दुखणारच."

"आणि हे पिशवीच्या बाहेर. मग पिशवी काढून काय होणार?"

"एवढा तुकडा पिशवीबरोबर आला. पोटात आणखी असेल तर ते तिथेच राहिलं. याला उपचार आहेत. दुर्बिणीतून हे डाग शोधून काढता येतात. हार्मोनच्या गोळ्यांनी दाबून ठेवता येतं. मुळात या पेशी अशा का वागतात ते अजून कोणाला पुरतं कळलेलं नाही, त्यांना सुधारायचं औषध नाही. पण उपचार आहेत."

सरांनी काचेबरोबर आणलेली रिपोर्टची प्रत मी उचलली. माझं नाव, वय सत्तावीस. पिशवी: दोष नाही. बाहेरच्या पृष्ठभागावर एंडोमेट्रिओसिस. शेवटची ओळ अशी होती की पोटात इतरत्र आजार असण्याची शक्यता आहे, दुखणं राहू शकतं, पुढील तपासणी व उपचार करावेत. खाली सही, सोनपेठकरांची. तारीख अकरा वर्षांपूर्वीची.

मी ती ओळ तीनदा वाचली.

"सर, हे तुम्ही लिहिलंत."

"हो. मी स्पष्ट लिहिलं होतं."

"कोणासाठी?"

ते मायक्रोस्कोपवरून काच उतरवायला लागले.

"कोणासाठी लिहिलं होतं सर? मला तर कोणी दाखवलं नाही. मला सांगितलं काही निघालं नाही. मनाचं आहे, असं माझ्या नवऱ्याला सांगितलं. अकरा वर्षं माझ्या घरात मला वेडी समजतात, आणि माझं उत्तर इथे कपाटात होतं, मी ज्याची धूळ पुसते त्या कपाटात."

"इंदू, रिपोर्ट पाठवणाऱ्या डॉक्टरकडे जातो. पुढचं सांगणं त्यांचं काम. आपण मध्ये पडत नाही."

"पोट माझं होतं," मी म्हणाले.

इतक्या वर्षांत मी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. मग मी विचारलं, "आपल्याकडे त्या हॉस्पिटलातून येतात, त्यातल्या किती पिशव्या निरोगी असतात?"

"पुष्कळ," ते म्हणाले. "मी दर वेळी लिहितो, दोष नाही म्हणून."

"आणि मी टाइप करते," मी म्हणाले. मला त्यांची चीड आली होती आणि तितकीच माझी.

सोमवारी सकाळी आठ वाजता मी रिपोर्टची प्रत घेऊन हॉस्पिटलात गेले. जनरल वॉर्डात जयमाला हिरवा गाऊन घालून कॉटवर बसली होती. हातातल्या बांगड्या काढून भास्करच्या रुमालात बांधल्या होत्या. मला बघून ती हसली. "तुम्ही आलात? बरं वाटलं बघा."

"मी तुझ्याशी खोटं बोलले," मी म्हणाले. "माझं दुखणं थांबलेलं नाही. शनिवारीही दुखत होतं. आज अकरा वर्षं झाली."

ती हसायची थांबली. मी कॉटच्या कडेला बसले आणि सगळं सांगितलं. सरांनी सांगितलं होतं तितक्या चांगल्या भाषेत नाही, पण सांगितलं. पिशवीच्या अस्तरासारखं काहीतरी पोटात बाहेर रुजतं, आपल्या शरीरातल्या राखणदार पेशीच त्याला पोसतात, आणि पिशवी गेली तरी ते मागे राहू शकतं. "तुला तेच असेल असं मी म्हणत नाही. मी डॉक्टर नाही. पण बघितल्याशिवाय कापू नका एवढंच म्हणते. संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात दुर्बिणीतून बघतात." तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणायचो.

भास्करने माझ्या हातातला कागद घेतला. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, पण त्याने नाव आणि तारीख बोट ठेवून लावली. "हे तुमचं आहे?"

"माझं आहे. मला परवा मिळालं."

तेवढ्यात मोठे डॉक्टर राउंडला आले. मागे दोन नर्स. त्यांनी मला लगेच ओळखलं. "तू सोनपेठकरांकडची ना? इथे काय काम?"

"पेशंटला भेटायला आले."

"आणि हा कागद कसला?" त्यांनी तो भास्करच्या हातातून घेतला, वरून खाली नजर टाकली आणि घडी घालून परत दिला. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. "जुनी गोष्ट आहे. तुझी केस वेगळी, हिची वेगळी."

"माझ्या केसमध्ये हे लिहिलेलं होतं. मला सांगितलं का नाही?"

"सांगून तुला काय कळलं असतं?"

वॉर्डात सात-आठ बायका होत्या. त्या सगळ्या आमच्याकडे बघत होत्या. मला वाटलं होतं ते निदान नाकारतील, सांगितलं होतं म्हणतील. त्यांना खोटं बोलायचीही गरज वाटली नाही.

त्यांनी तिथूनच मोबाइल लावला. "सोनपेठकर, तुमची टेक्निशियन माझ्या वॉर्डात येऊन पेशंट भडकवतेय. तुम्ही पाठवली का?" पलीकडचा बारीक आवाज मला ऐकू येत नव्हता. डॉक्टरांनी फोन बंद केला आणि म्हणाले, "ते म्हणतात, मी कोणालाही पाठवलेलं नाही."

ते खरंच होतं. मी त्यांना विचारून आलेच नव्हते. तरी मी एकटी पडले.

"सिस्टर, हिला बाहेर काढा. पेशंटला आत घ्या."

नर्सने माझ्या दंडाला धरलं. तेव्हा भास्कर मध्ये आला. कसलाही आवेश न आणता, खिशातलं एक पेन काढून त्याने फाइलवर ठेवलं.

"डॉक्टरसाहेब, कॅन्सर होईल म्हणले होते ना तुम्ही. तेवढं या कागदावर लिहून द्या."

"काय?"

"पिशवी नाही काढली तर कॅन्सर होईल, असं लिहा आणि खाली सही करा. मी अंगठा देतो, सही देतो, काय म्हणाल ते देतो आणि ऑपरेशन करून घेतो. रस्त्यावर पोलीस थांबवतो, आम्ही त्याला कागद दाखवतो. आम्हाला पण एक कागद दाखवा."

"असं लिहून देत नसतात."

"का नाही देत?"

"माझ्यावर विश्वास नसेल तर घेऊन जा तिला. पुढे काही झालं तर माझ्याकडे यायचं नाही."

"बरं," भास्कर म्हणाला.

जयमाला तोवर उठली होती. तिने गाऊनवरच साडी गुंडाळायला सुरुवात केली. नर्स म्हणाली, गाऊन हॉस्पिटलचा आहे. "द्यायलेय ना," जयमाला म्हणाली, आणि पडद्याआड जाऊन तिने गाऊन काढून कॉटवर टाकला. बाकीच्या कॉटवरच्या बायकांपैकी एकीने मला खुणेने जवळ बोलावलं. पण नर्सने मला दाराबाहेर काढलं होतं. त्या बाईला मला काय विचारायचं होतं ते मला कधीच कळलं नाही. हे मला आजही बोचतं.

लॅबमध्ये परतले तेव्हा वाटलं होतं नोकरी गेली. सर खुर्चीत बसून होते.

"तुम्ही म्हणालात, पाठवली नाही."

"पाठवली नव्हती," ते म्हणाले. मग पुढे म्हणाले, "त्याने पुढचं ऐकून घेतलं नाही. मी म्हणालो, पाठवायला हवी होती."

मी यावर विश्वास ठेवायचं ठरवलं. त्या दिवसापासून पिशवीचा प्रत्येक रिपोर्ट दोन प्रतींत निघू लागला. एक इंग्रजीत डॉक्टरांना आणि एक मराठीत, मी लिहिलेली आणि सरांनी सही केलेली, पेशंटच्या हातात. महिनाभरात त्या हॉस्पिटलचं काम आमच्याकडे यायचं बंद झालं. दोन वर्षांनी सरांनी लॅबच बंद केली. मोठ्या डॉक्टरांचं काहीही बिघडलं नाही. त्यांच्या इमारतीवर आणखी दोन मजले चढले आणि पंचाहत्तरीला शाल-श्रीफळ मिळालं. चौकशी झाली नाही. करणार कोण आणि कोणाची? ऑपरेशनला संमती आहे असा प्रत्येक बाईच्या सहीचा कागद त्यांच्याकडे होता.

जयमालाला सरकारी दवाखान्यात अडीच महिने थांबावं लागलं. दुर्बिणीतून बघितलं तर पिशवीच्या मागे काळपट डाग होते, आतडं चिकटलेलं होतं. ते डाग काढले, गोळ्या सुरू केल्या. सगळं गेलं नाही, पण ती आता दोन्ही दिवस कामावर उभी राहते. आता सुपरवायझर तीच आहे. माझंही ऑपरेशन त्याच वर्षी तिथेच झालं. आता कधीमधी दुखतं. या पेशींना वळण लावायचं औषध अजून बाजारात नाही, शोधतायत म्हणतात. मी वाट बघते.

लॅब बंद व्हायच्या आधी मी त्या हॉस्पिटलचे सात वर्षांचे रिपोर्ट काढून बसले होते. जिथे पिशवी निरोगी पण बाहेर आजार असं लिहिलं होतं, ती नावं वेगळी केली. एकतीस निघाली. सगळ्यांत लहान बावीस वर्षांची. पत्ता बहुतेक फॉर्मवर नव्हताच, नाव आणि वय एवढंच. एकतीसपैकी मला चार सापडल्या.

चौथी बदनापूरजवळच्या खेड्यात होती, अनुसयाबाई. पिशवी काढली तेव्हा तेवीस वर्षांची, मी गेले तेव्हा अठ्ठावीस. अंगणात ज्वारी पाखडत होती. मी तिला कागद दाखवला, ओळ वाचून दाखवली आणि तिचा अर्थ सांगितला. तिने सूप खाली ठेवलं.

"म्हणजे हे खरंच दुखत होतं?"

"खरंच दुखत होतं."

"डॉक्टरला माहीत होतं?"

"माहीत होतं."

ती उठली, घरात गेली आणि नवऱ्याला, सासूला आणि परड्यात काम करणाऱ्या दिराला हाताला धरून बाहेर घेऊन आली. तिघांना ओट्यावर बसवलं. मग माझ्याकडे वळली.

"ताई," ती म्हणाली, "आता सांगा. पहिल्यापासून सांगा, आणि मोठ्यानं."

मी कागद उघडला आणि पहिल्यापासून, मोठ्याने वाचायला लागले.